कुंपण हद्दीबाहेर गेलं असेल तर अपघाताची जबाबदारी कोणाची, आणि घराचा विमा कुठवर पुरतो?

तुमची हकीगत मला जशी समजली तशी आधी मांडतो. साताऱ्याजवळच्या वाढत्या वस्तीत तुमचा ५ गुंठ्यांचा प्लॉट. २०१६ मध्ये बंगला बांधला. मागच्या बाजूला प्रीकास्टचं, म्हणजे आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या खांब-फळ्यांचं रेडीमेड कंपाऊंड घालताना ठेकेदाराने सरळ दोरी मारली आणि ती शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये चारेक फूट शिरली. शेजारी मुंबईला असतात, इतकी वर्षं काही बोलले नाहीत. यंदा त्यांनी मोजणी आणली तेव्हा हे उघड झालं. त्याच पावसाळ्यात कंपाऊंडचे दोन गाळे (दोन खांबांमधले भाग) बाहेरच्या बाजूला पडले आणि तिथे लावलेली कोणाची तरी मोटरसायकल चेपली. आता तुम्ही विचारताय की जागाच आमची नाही तर जबाबदारी आमची कशी, घराचा विमा यात काही देईल का, न्यू जर्सीतला मुलगा म्हणतो की विमा सगळं बघून घेतो ते खरं का, आणि बारा वर्षं पुरी होऊ दिली तर ती पट्टी आपलीच होते का.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि विमा कंपन्यांसाठी घरं-इमारतींच्या नुकसानीचे सर्व्हे करतो. वकील नाही. त्यामुळे कायद्याचा भाग कामात जसा समोर येतो तसा सांगतो. नोटिशीला उत्तर द्यायची वेळ आली तर दिवाणी बाजू पाहणारा स्थानिक वकील गाठा.

लोक ‘जागा कोणाची’ याचं उत्तर मिळालं की बाकी सगळं त्यातच आलं असं धरून चालतात. तसं होत नाही. जागा कोणाची, भिंत कोणी घातली आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत पडून कोणाला इजा झाली तर जबाबदारी ताब्यामागे जाते. विमा मात्र मालकीमागे जातो. तुमच्या त्या चार फुटांत या दोन गोष्टींची फारकत झाली आहे. तिथे जबाबदारी पुरेपूर तुमची आहे आणि विम्याचं छत्र जेमतेम. तुमची खरी अडचण ही आहे. शेजाऱ्यांशी वाद झालाच नाही तरी ती उरतेच.

आधी जबाबदारीचं बघू. भिंत तुम्ही बांधून घेतली, तिच्या आतली जागा तुम्ही वापरता, ती रंगवायची की पाडायची हे तुम्हीच ठरवता. मुंबईत बसलेल्या मालकाला ती कलली आहे हे कळण्याचाही मार्ग नव्हता. कोर्ट हेच पाहतं: धोका कोणाच्या हातात होता आणि तो दूर करणं कोणाला शक्य होतं. सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती हा निकाल या बाबतीत आजही पुढे केला जातो. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली होती. मनोरा ८० वर्षांचा, आणि तसल्या चुन्यातल्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. कोर्टाने म्हटलं की रस्त्यालगतच्या बांधकामाची देखभाल करणं हे ज्याच्याकडे ते बांधकाम आहे त्याचं काम, आणि दोष दिसणारा असो वा न दिसणारा, जबाबदारी सुटत नाही. ‘भिंत आतून खचली होती, आम्हाला कसं कळणार’ हे म्हणणं त्यामुळे फारसं टिकत नाही. तुमच्या बाबतीत तर जिथे भिंत असायलाच नको होती तिथे ती होती, हा मुद्दा समोरचा वकील सगळ्यात आधी काढेल.

कंपाऊंडची भिंत ही किरकोळ गोष्ट नाही. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जणांचा जीव गेला. तुमची भिंत सहा फुटी आहे, पलीकडे वस्ती नाही, हे सगळं खरं. पण प्रीकास्टच्या एका फळीचं वजन अंगावर आलं तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. तुमच्या वेळी तिथे मोटरसायकल होती आणि माणूस नव्हता. जीव गेला असता तर भरपाईच्या दाव्यासोबत भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकलं असतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि जुन्या कायद्यातली कमाल दोन वर्षांची शिक्षा त्यात पाच वर्षांवर गेली आहे. फौजदारी शिक्षा किंवा दंड कुठलीही पॉलिसी भरत नाही.

‘आत शिरणाराच घुसखोर होता’ हा बचावही गृहीत धरू नका. बिहारमधला एक जुना खटला १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. शेजारची बाई त्याच्या संडासाचा वापर करते म्हणून एकाने वाटेत उघडी वीजतार लावली, तिला हात लागून ती मेली. ती परवानगीशिवाय आली होती हे कोर्टाने मान्य केलं आणि तरीही शिक्षा कायम ठेवली. माणसाला इजा व्हावी म्हणून सापळा लावायचा अधिकार स्वतःच्या जागेतही नसतो, मग दुसऱ्याच्या जागेत कुठून येणार? हे मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की गाळे पडलेत तिथे तात्पुरती काटेरी तार ओढून डुकरांसाठी करंट सोडला तर चालेल का. मुळीच नाही. शेतावर जे झटका मशीन लावतात ते थांबून थांबून, मर्यादित ऊर्जेचा झटका देतं. मीटरवरून थेट सोडलेला करंट माणूस मारतो, आणि दरवर्षी मारतो. ती तार आज ओढलेली असेल तर आजच काढा. नुसती काटेरी तारही पायवाटेच्या कडेला डोळ्यांच्या उंचीवर नको.

आता विमा. तुमच्याकडे कर्जाबरोबर बँकेने काढून दिलेली पॉलिसी आहे असं दिसतंय. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, बहुधा तीच असेल. तिच्यात घराच्या इमारतीच्या व्याख्येत कंपाऊंड वॉल, कुंपण, गेट, रिटेनिंग वॉल हे सगळं येतं. हे वाचून लोक निश्चिंत होतात. पण तीन चाळण्या मध्ये आहेत.

पहिली चाळणी रकमेची. घराची विमा रक्कम चटई क्षेत्रावर निघते. कंपाऊंड, टाकी वगैरेंची किंमत तुम्ही वेगळी सांगायची असते. बँकेत घाईघाईने भरलेल्या अर्जात ती सहसा सांगितलेलीच नसते. अर्जाची प्रत काढून हे आधी तपासा.

दुसरी चाळणी कारणाची. ही पॉलिसी ठरावीक संकटांची आहे: आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल आणि अशाच काही. भिंत ‘पडली’ एवढं पुरत नाही, यादीतल्या कशाने तरी पडलेली असावी लागते. मी जागेवर जातो तेव्हा आधी पडलेल्या गाळ्यांकडे बघतच नाही. शेजारच्या उभ्या खांबांना वरून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावतो. वरच्या टोकाशी दोरी खांबाला चिकटलेली आणि पायाशी दोन-तीन बोटं सुटलेली दिसली, की भिंत काही वर्षं बाहेरच्या बाजूला झुकत होती हे कळतं. मग पायाजवळ खणून बघतो. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि दीड फुटावर रोवलेले खांब दरवर्षी थोडे थोडे हलवते. आतून बागेसाठी मातीचा भराव टाकला असेल आणि पाणी बाहेर जायला तळाशी भोकं ठेवली नसतील, तर ती कुंपणाची भिंत राहत नाही, भराव अडवणारी भिंत होते, आणि ते काम तिला झेपत नाही. भूस्खलन किंवा जमीन खचण्याच्या कलमातूनसुद्धा नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भरावाची हालचाल, सदोष आखणी आणि हलकं सामान हे स्पष्ट वगळलेलं आहे. भिंत पडली त्या रात्री जवळच्या ओढ्याचं पाणी खरोखर भिंतीपर्यंत चढलं होतं का? चढलं असेल तर गाळाची रेषा भिंतीवर अजून दिसेल. ती धुण्याआधी मोबाईलवर तारखेसह फोटो काढून ठेवा.

तिसरी चाळणी मालकीची, आणि तुमच्याकडे ती सगळ्यात बारीक आहे. ज्या वस्तूत तुमचा कायदेशीर आर्थिक हितसंबंध आहे तिचाच विमा उतरतो. भिंतीचे पैसे तुम्ही घातले, सामान तुमचं, त्यामुळे हितसंबंध अजिबात नाही असं कोणी म्हणणार नाही. पण पॉलिसीवर पत्ता तुमच्या प्लॉटचा आहे आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाचा हद्दीचा अधिकृत नकाशा, सांगते की भिंत त्या प्लॉटवर नाही. अशा वेळी कंपनी काय करेल हे पॉलिसीच्या शब्दांवर, तुम्ही अर्जात काय लिहिलं यावर आणि खरं सांगायचं तर रक्कम किती आहे यावरही अवलंबून असतं. दोन गाळ्यांच्या छोट्या दाव्यात कोणी मोजणीचा नकाशा मागत नाही. रक्कम मोठी झाली, की मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका आणि ‘क’ प्रत हे तिन्ही मागितले जातात. माझ्या अहवालातही ते अंतर लिहावं लागतं. त्यात सवलत देता येत नाही, आणि ती मागूही नका. एक गोष्ट मात्र निश्चित आहे: महसूल खात्याच्या किंवा पालिकेच्या आदेशाने भिंत पाडली गेली, तर तो पैसा विम्यातून कधीच मिळत नाही.

हे झालं तुमच्या भिंतीचं. मोटरसायकलचं काय? इथे तुमच्या मुलाचा गैरसमज आहे आणि तो अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या नेहमीच्या घर-विम्यात दुसऱ्याला झालेल्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी हा भाग मूळ पॉलिसीतच असतो. किमान एक लाख डॉलरचं असं संरक्षण तिकडे सर्वसाधारण मानतात. म्हणून त्याला वाटतं की इकडेही तसंच असेल. भारत गृह रक्षेत हा भाग नाही. ती तुमची इमारत आणि सामान बघते, भिंतीखाली सापडलेल्या तिऱ्हाइताला तिच्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसीतला सार्वजनिक दायित्वाचा विभाग वेगळा घ्यावा लागतो. एजंट तो क्वचितच सुचवतात, कारण हप्ता छोटा आणि कमिशन त्याहून छोटं. कोणी तुम्हाला १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याचा हवाला दिला तर तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, घरमालकाशी त्याचा संबंध नाही.

दायित्वाचा विभाग घेतलात तरी दोन वाक्यं नीट वाचा. एक, संरक्षण फक्त नोंदवलेल्या जागेपुरतं आहे की तुमच्या व्यक्तिगत जबाबदारीलाही आहे. जागेपुरतं असेल तर ती चार फुटांची पट्टी पुन्हा बाहेर राहते. दोन, कायद्याच्या तरतुदी जाणूनबुजून न पाळल्यामुळे आलेली जबाबदारी बहुतेक पॉलिसी वगळतात. मोजणीच्या आधी तुमची चूक अजाणता होती, ठेकेदाराच्या दोरीवर तुम्ही विश्वास ठेवला होता. मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या, लगतधारक म्हणून तुम्हाला नोटीस मिळाली, त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. इथून पुढे तीच भिंत तशीच ठेवून काही झालं, तर विमा कंपनी आणि कोर्ट दोघंही ती जुनी चूक म्हणून सोडणार नाहीत. आणि नवीन पॉलिसी घेताना हे लपवून ठेवलंत तर ती कागदाच्या मोलाचीही राहत नाही. प्रस्तावातच लिहा की मागच्या कुंपणाची हद्द वादात आहे.

बारा वर्षांच्या आशेचं आता. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे खासगी जागेवर बारा वर्षं उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला नाकारणारा ताबा असेल तर प्रतिकूल ताब्याचा दावा करता येतो, आणि २०१९ च्या रविंदर कौर गरेवाल निकालानंतर तो फक्त बचावासाठी नाही, स्वतः दावा लावण्यासाठीही वापरता येतो. तुमच्या मनात २०२८ आहे हे मी समजू शकतो. पण शेजाऱ्यांनी मोजणी आणली आहे. ते आता गप्प बसणार नाहीत, आणि बारा वर्षं भरायच्या आत दावा लागला की ही गणती तिथेच थांबते. शिवाय अजाणता सरकलेल्या दोरीतून मालकाला नाकारणारा ताबा सिद्ध करणं फार अवघड असतं. आणि हा दावा करायचा म्हणजे कोर्टात छातीठोकपणे सांगायचं की ही पट्टी आणि ही भिंत पूर्णपणे माझ्याच ताब्यात होती. मग मोटरसायकलवाल्याला ‘ती जागा आमची नव्हे’ कोणत्या तोंडाने सांगणार? चार फुटांच्या मोहापायी मुंबईकरांशी दहा-पंधरा वर्षांचा दावा अंगावर घेऊ नका. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

हे सगळं शेजारी खासगी मालक आहेत म्हणून. कुंपणाचा काही भाग ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेच्या जागेत जात असेल तर हिशेब बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढे-नाले सरकारचे. तिथे प्रतिकूल ताब्याची मुदत ३० वर्षांची आहे आणि अतिक्रमण काढायला प्रशासनाला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. ओढ्याची बाजू ‘क’ प्रतीत स्वतंत्रपणे तपासून घ्या. तुमच्या वर्णनावरून मला त्या कोपऱ्याची शंका आहे.

मग करायचं काय? शेजाऱ्यांच्या मोजणीवर तुमचा विश्वास नसेल तर भांडत बसण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात तुमची स्वतःची हद्द कायम मोजणी ई-मोजणी पोर्टलवर अर्ज करून मागवा. दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी होते. खासगी सर्व्हेअरचा टोटल स्टेशनचा (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा) नकाशा अंदाजाला चांगला, पण वादात ‘क’ प्रतच बोलते. मोजणीच्या दिवशी दोघंही जागेवर हजर राहा आणि रोवलेल्या दगडांचे फोटो कायमच्या वस्तूसह काढा, म्हणजे विहिरीचा कठडा किंवा बंगल्याचा कोपरा चौकटीत येईल असे. दगड हलवू नका आणि कोणाला हलवू देऊ नका.

मोजणी पटली तर मला दोनच रस्ते शहाणपणाचे वाटतात. पडलेल्या गाळ्यांच्या निमित्ताने मागची सगळी रांग स्वतःच्या हद्दीत घ्या, तेही दगडापासून अर्धा-एक फूट आत, म्हणजे पाया आणि गिलावा करताना पलीकडे जायला नको. प्रीकास्टचे खांब-फळ्या बऱ्याचशा पुन्हा वापरता येतात, त्यामुळे खर्च नव्या भिंतीइतका येत नाही. किंवा शेजारी राजी असतील तर ती पट्टी रीतसर विकत मागा. तुमच्या भागात चार फुटांची विक्री नियमात बसते का हे आधी वकिलाला विचारावं लागेल. काही महिन्यांचा वेळ हवा असेल तर साध्या स्टॅम्प पेपरवर लेखी परवानगी घ्या: भिंत कोणाची, दुरुस्ती कोण करणार, कोणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, कधीपर्यंत काढणार. असा कागद केला की प्रतिकूल ताब्याचा विषय संपतो, हे ठाऊक असू द्या. माझ्या मते तो संपलेलाच बरा. आणि दोघांपैकी कोणीही रागाच्या भरात जेसीबी बोलावू नये. पोलीस ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतात आणि नुकसानीचा एक नवा दावा मागे लागतो.

तोवर उभे असलेले गाळे तसेच सोडू नका. ओळंबा कोणीही गवंडी धरून दाखवेल. जे खांब झुकलेत त्यांच्या वरच्या फळ्या आजच उतरवून ठेवा, आतला भराव भिंतीपासून तीनेक फूट मागे ओढा, आणि बाहेरच्या बाजूला कोणी गाडी लावणार नाही अशी दोरी बांधा. हे करायला कोणाची परवानगी लागत नाही, कारण तुम्ही तुमचीच भिंत सुरक्षित करताय.

मोटरसायकलवाल्याचं शेवटी. त्याची गाडी फुल इन्शुरन्सची असेल तर त्याची कंपनी त्याला दुरुस्तीचे पैसे देईल, पण मग त्याच्या जागी उभी राहून तीच कंपनी तुमच्याकडे वसुली मागू शकते. म्हणून आपण सुटलो असं धरू नका. तुमच्या पॉलिसीत दायित्वाचा विभाग निघाला, तर कंपनीला लेखी कळवण्याआधी त्याला काही कबूल करू नका, कारण कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली किंवा पैसे नंतर मान्य होत नाहीत. विभाग नसेल, आणि बहुधा नसणारच, तर गॅरेजचं बिल मागा, आकडा रास्त असेल तर देऊन टाका, आणि ‘या घटनेबाबतची संपूर्ण भरपाई मिळाली’ अशी तारीख आणि गाडीचा नंबर घातलेली सही घ्या. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा.